खडावेचं पुढं काय झालं

मालनबाई मला पहिल्यांदा दिसली ती झोपलेली. साल एकोणसत्तर. मी नुकताच बदली होऊन घाटाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत एकशिक्षकी शाळेवर आलो होतो. सकाळी शाळा उघडायला गेलो तर ओट्यावर भिंतीला टेकून, मांडीवर दवाखान्याची खाकी पिशवी धरून एक बाई गाढ झोपली होती आणि सात-आठ पोरं तिच्यासमोर उकिडवी बसून ती कधी उठते याची वाट पाहत होती. नव्या मास्तराला असतो तेवढा रुबाब मलाही होता. मी दरडावून विचारलं, "कोण तुम्ही?" तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"टोचनारी हाय. वाईच थांबा गुरुजी, पाय आले का उठते."

पाय येणं म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. खालापूरजवळच्या बौद्धवाडीत ती भावाच्या घरी राहायची. नोकरी दवाखान्यात आयेची. पण नर्सची जागा वर्षानुवर्षं रिकामी, त्यामुळं टोचणं, बाळंतपणं, गोळ्या वाटणं सगळं हिच्याच गळ्यात. पहाटेची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि तिथून दीड-दोन तास चढ चढत एकेक वाडी करायची. आमच्या वाडीचा वार मंगळवार. वाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिला आपले पाय आहेत की नाहीत हेच कळेनासं व्हायचं. मग ती बसायची आणि पाय परत येण्याची वाट बघायची.

तेव्हा ती तीस-एकतीसची होती, दिसायची चाळिशीची. आठव्या वर्षापासून लोकांच्या बांधावर गवत कापायला, तेराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी मुलगी झाली ती दहा दिवसांत गेली, एकोणिसाव्या वर्षी नवरा तापानं गेला. छप्पन्न सालानंतर घर बौद्ध झालं, तेव्हा भावानं हट्टानं तिला चौथीपर्यंत शिकवलं आणि त्या चौथीवर ही नोकरी लागली. एवढं सगळं तिनं मला एकदाच, चहाचा कप हातात असताना, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "चा चांगला हाय. पन साखर घाला की थोडी."

सत्तर साली आमच्याकडं दामू आला. दामू म्हणजे आरोग्याच्या सिनेमांची जीप चालवणारा आणि सिनेमा दाखवणाराही तोच. जुलाब, हिवताप, कुटुंब नियोजन असे त्याच्याकडचे सिनेमे, म्हणजे लोकांनी मुद्दाम टाळावेत असेच. जीपला अंधारायच्या आत घाट उतरायचा असे, म्हणून खेळ भरदुपारी शाळेत. खिडक्यांवर घोंगड्या, कौलांच्या फटीत पेंढा, समोरच्या भिंतीवर पांढरं धोतर. बायांना घराघरातून काढून आणायचं काम अर्थातच मालनबाईचं. पहिल्या दिवशी ती सांगून सांगून थकली तरी बारा बाया आणि पंचवीस पोरं एवढीच जमली.

दामूचं मशीन जपानहून देणगी म्हणून आलेलं होतं. त्याच्या पेटीत नमुन्यादाखल एक रीळ होतं, अठरा मिनिटांचं. ते कुठल्या यादीत नव्हतं की कुणी परत मागितलं नव्हतं. पोरांची कावकाव थांबावी म्हणून दामूनं त्या दिवशी आधी ते लावलं.

हातानं काढलेली चित्रं, पण चालणारी, पळणारी. एक आखूड केसांची पोरगी. तिच्या आईची एक लाकडी चप्पल ओढ्यात वाहून जाते आणि पोरगी तिच्यामागं धावत सुटते. वाडीनं त्या चपलेला पाहताक्षणी 'खडाव' ठरवून टाकलं. खडावेवर एक इवलंसं बेडूक चढतं आणि नावेत बसल्यासारखं ऐटीत बसतं. ओढा भातखाचरातून जातो, आणि खाचरं अशी की आमच्या खाली चौक गावच्या बाजूला दिसावीत, बांधावर बुजगावणंसुद्धा. मग एक गुबगुबीत शेपटीवालं जनावर पोरगीच्या मदतीला येतं. ते जनावर कोणतं यावर वाडीत पुढं पाच-सहा वर्षं वाद चालला. काहींच्या मते उदमांजर, काहींच्या मते अस्वलाचं पिल्लू. मला विचारलं तेव्हा 'जपानी प्राणी' असं सांगून मी मोकळा झालो. मागून एका बाईचा आवाज जपानीत सावकाश काहीतरी सांगत असे. त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

शेवटी बर्फ पडू लागतं. ठकूबाई नावाची म्हातारी पुढं बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अगं, येवढा तांदूल सांडतोय नि येक बाय सूप घेऊन भाईर येत नाय." मी समजावलं, आजी, ते बर्फ. ती म्हणाली, "तुमी तुमचं शिकवा, गुरुजी. मला तांदूल कलतो."

हे सगळं चाललं असताना मालनबाईनं दाराशी उभं राहायला हवं होतं, बाया उठून जाऊ नयेत म्हणून. मी वळून पाहिलं तर दाराशी कुणीच नव्हतं. ती पोरांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली होती, चपला काढून, पिशवी पोटाशी धरून. बेडूक घसरून पाण्यात पडलं तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला, पण हसू आवरेना. खेळ संपताच दामू रीळ बदलू लागला, तशी ही म्हणाली, "परत लाव रं."

"मालनबाय, जुलाबाचा दाखवायचाय अजून."

"जुलाब कुटं पलत नायत. लाव."

त्यानं लावलं.

संध्याकाळी घोंगड्या काढताना ती मला म्हणाली, "गुरुजी, लानपनी आमाला भावली नव्हती. तवा कदी काय वाटलं नाय. आज वाटलं." आणि थोडं थांबून, "वाईट नाय वाटलं. बरंच वाटलं. कोनीतरी माजी ऱ्हायलेली भावली आनून दिली, तसं."

मला तेव्हा मौज वाटली होती. प्रौढ बाई, आणि चित्रातल्या बेडकाला हसते. मी मास्तर होतो, मला पुष्कळ गोष्टींची मौज वाटायची.

पुढं सहा वर्षं ते रीळ आमच्या भागात फिरलं. दामूची जीप कुठं जाणार हे मालनबाई आधी विचारून घ्यायची आणि आपल्या फेऱ्या तशा लावायची. अठरा मिनिटं तिला कुणी हाक मारायची नाही, असा सगळ्या वाड्यांतला अलिखित नियम होऊन बसला. रीळ मध्येच तुटायचं, दामू ब्लेडनं कापून जोडायचा, आणि दर जोडणीला बेडूक थोडं जास्तच उडी मारायचं. तिला प्रत्येक कापलेली जागा माहीत होती. एकदा म्हणाली, "मी येकतीस येला बगितला. बाकी दिवसभर मी कोनाची तरी आया असते. तेवडा येल नसते."

लस टोचताना ती पोरांना खडावेची गोष्ट सांगायची आणि सुई बेडूक पडतं तिथंच मारायची. पोर हसत असतानाच काम व्हायचं. पोरं मंगळवारी तिची वाट बघत. हसत टोचून घेणारी पोरं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

मग शहात्तर साल आलं. त्या वर्षी नसबंदीच्या केसेस आणण्याचा हुकूम सगळ्यांच्याच डोक्यावर होता. केस नाही तर नोकरी नाही. वाडीवाडीतले पुरुष दिवसा रानात राहू लागले. लांबून गाडीचा आवाज आला तरी भाकरी टाकून पळत. दवाखान्यात वरून एक साहेब आला. त्यानं विचारलं, कुठल्या वाडीत सिनेमाला सगळ्यात जास्त माणसं येतात? सगळ्यांनी मालनबाईकडं पाहिलं.

तिनं साहेबाला तोंडावर विचारलं होतं, "फक्त शिनेमा?"

"फक्त सिनेमा, बाई. लोकांची भीती घालवायची आहे."

तिला हे खरं वाटलं की खरं वाटून घ्यावंसं वाटलं, ते मी सांगू शकत नाही. दहा महिन्यांत दामूची जीप कुठंच फिरली नव्हती. ती सोमवारीच वाडीत आली आणि घराघरात सांगत फिरली, "उद्या खडावेचा शिनेमा. फक्त शिनेमा. गडीमानसांनी पन या. मी सांगते, माजा शब्द हाय." शब्द तिचा होता म्हणून लोक रानातून उतरले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कुत्रंही आलं नसतं.

ठकूबाईचा मुलगा विठूही आला. पंचविशीतला गडी, एकुलती एक पोर त्याला, जया, पाच वर्षांची. तो कायम कोळशाच्या भट्ट्यांवर असल्यानं त्यानं तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. जयानं आईच्या मांडीवर बसून चारदा पाहिला होता आणि "बा, तू खडाव बगच" म्हणून तिनं त्याचा जीव खाल्ला होता. खेळाला बापाच्या मांडीवर बसून ती त्याला पुढं काय होणार ते आधीच सांगत होती, आणि तो "सांगू नको गं, बगू दे" म्हणत होता.

आता माझं सांगतो. सकाळी साहेबाची चिठ्ठी आली होती. पोरं मध्येच मागच्या दारानं बाहेर पळतात, उजेड येतो, तरी मागचं दार बाहेरून लावून घ्यावं. मी कडी लावली आणि पुढून आत येऊन बसलो. काही विचारलं नाही. पोरं पळत नाहीत हे मला ठाऊक होतं. तो सिनेमा अर्धा टाकून त्या वाडीतलं एकही पोर कधी पळालं नव्हतं.

खडाव ओढ्यातून नदीत शिरली, बेडूक अजून तिच्यावरच होतं, तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. पुढचं दार उघडलं आणि ऊन थेट धोतरावर पडलं. चित्रातली पोरगी, नदी, बेडूक सगळं पांढरं होऊन गेलं, नुसता बाईचा जपानी आवाज चालू राहिला. गडीमाणसं मागच्या दारावर धावली. दार उघडेना. अकरा जणांना नेलं. विठूनं जयाला मांडीवरून उचललं, पुढं बसलेल्या मालनबाईच्या मांडीवर ठेवलं आणि उभा राहिला.

मालनबाईनं जयाला तिच्या आईकडं दिलं आणि धावत जाऊन साहेबाचा हात धरला. "साहेब, मी शब्द दिलाय. त्याला येकच पोर हाय, साहेब."

साहेब हात सोडवत म्हणाला, "बाई, तुमचं काम फार चांगलं झालं."

ती ट्रकमध्ये चढली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी खाली उतरवलंही नाही. तीन दिवस ती नसबंदीच्या शिबिरात त्या अकरा जणांच्या उशापायथ्याशी होती. विठूला ताप भरला, तर पट्ट्या बदलत बसली. चौथ्या दिवशी त्यांच्यामागून चालत वाडीपर्यंत आली. गडी आपापल्या घरात गेले आणि एकेक दार लागलं. ती मधल्या अंगणात उभी राहिली, मग परत फिरली. महिन्याभरानं तिला प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं चुलीत घातलं.

वर्षभरात दिल्लीपासून दवाखान्यापर्यंत सगळं बदललं, साहेब बदलून गेला, हुकूम गेले. वाडी मात्र उघडली नाही. पोरं हळूहळू शाळेत येऊ लागली, पण मालनबाई दिसली की आया त्यांना आत ओढत. ती दर मंगळवारी यायची. पाय ओढत चढ चढून यायची, शाळेजवळच्या जांभळाखाली बसायची, पिशवी मांडीवर, पिशवीत बर्फाच्या थर्मासमध्ये लस. दुपार कलेपर्यंत बसायची आणि लस तशीच परत न्यायची. वाडीत शिरायची नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, येत नाही कुणी तर कशाला एवढी तंगडतोड?" ती म्हणाली, "येनार नायत म्हनून मी बी नाय आले, तर मग कसं व्हयाचं?"

त्या दोन पावसाळ्यांत वाडीतली तीन तान्ही पोरं डांग्या खोकल्यानं गेली. प्रत्येक वेळी ती जांभळाखालीच होती. रडण्याचा आवाज तिथपर्यंत यायचा.

तिसरं पोर गेलं त्या मंगळवारी मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडं गेलो आणि सांगून टाकलं. "मालनबाई, मागच्या दाराची कडी मी लावली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. पाणी प्यायली. "पन शब्द माजा व्हता."

मला तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दामू एकदा तिला शिळफाट्याच्या बाजारात भेटला. म्हणाला, मशीन अजून चालू आहे, गुपचूप एकदा लावतो तुमच्यासाठी. तिनं नको म्हटलं. "आता त्यात मला ट्रकच दिसल. माजं तेवडं येकच व्हतं रं, दामू." ते रीळ पुढं कुठल्या गोदामात गेलं, कुणाला माहीत नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीतली गोष्ट. शेवटचा तास चालू होता. खिडकीतून मला जांभळाखाली मालनबाई दिसत होती आणि वाडीकडून येणारा विठू दिसला. दोन वर्षांत तो माझ्या शाळेच्या बाजूला फिरकला नव्हता. हातात कोयता होता, पण तो ठाकराच्या हातात असतोच. तो तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला. मग खाली बसला, कोयता बाजूला ठेवला.

त्यांचं काय बोलणं झालं, ते तिनं मला नंतर सांगितलं.

तो म्हणाला होता, "त्या खडावेचं पुडं काय झालं?"

तिनं पिशवी पोटाशी धरली.

"पोरगीला इचारतो तर ती सांगत नाय. तिला वाटतं, तिनं बोलावलं म्हनून मला नेलं. शिनेमाचं नाव काडलं का कोपऱ्यात जाऊन बसती. सात वर्सांची झाली. तिच्याखेरीज दुसरं कोन हाय मला? तुमी सांगा. मंग मीच तिला सांगन."

मालनबाईनं सांगायला सुरुवात केली. मला खिडकीतून फक्त तिचे हात दिसत होते. एका हाताची नदी, दुसऱ्याची खडाव. दोन बोटांचं बेडूक. तिनं सांगितलं की खडाव लांब वाहत जाते, दिसेनाशी होते, पोरगी रडून रडून घरी येते. थंडी पडते. तिनं बोटं वरून खाली आणत बर्फ पाडलं, आणि विठूनं वर पाहिलं. "तांदूल?" त्यानं विचारलं. "तुजी आय म्हनती तांदूल. बरफ हाय." मग एका सकाळी ते गुबगुबीत जनावर खडाव तोंडात धरून येतं आणि उंबऱ्यावर ठेवून जातं. आई ती घालायला वाकते, तर पट्ट्याखाली बेडूक. थंडीनं अंग आखडून, गाढ झोपलेलं.

"मंग?"

"मंग काय नाय. ती त्याला उटवत नाय. खडाव तशीच उंबऱ्यावर ठेवती. आनि येक पाय अनवानी, येका पायात खडाव, अशी लंगडत, बरफात, पान्याला जाती. थंडी सरंपातूर तशीच जाती. तिथंच संपतो."

मालनबाई सांगता सांगता थकली होती. पहाटेपासूनची चाल होती, आणि दोन वर्षांची होती. तिनं डोकं जांभळाला टेकलं, "वाईच थांब रं, पाय आले का उठते," एवढं म्हणाली आणि तिला झोप लागली.

तिनं सांगितलेलं इथपर्यंत. पुढचं मी पाहिलं. मला वाटलं, आता हा उठून जाईल. तो उठला नाही. तिची पिशवी मांडीवरून घसरू लागली, ती त्यानं हळूच काढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला, ती कधी उठते याची वाट पाहत.

शाळा सुटायची वेळ झाली. मी घंटेची हातोडी हातात घेतली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. पोरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, एकेकाला उभं केलं, आणि मागचं दार उघडून सगळ्यांना तिकडून सोडलं.